धरमतरच्या खाडीत एक ओहोटी

आम्ही भीमाकाठची माणसे. पाणी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे विहीर, पाट नाही तर धरण येते. समुद्राशी आमचा संबंध मिठापुरता. त्यामुळे गेल्या मार्गशीर्षात तालुक्यातल्या अकरा शेतकऱ्यांना घेऊन रायगड जिल्ह्यात जायचा योग आला, तेव्हा सगळ्यांना मोठी मौज वाटली. निमित्त होते खारवट जमिनीचे. आमच्याकडे उसाला पाणी देऊन देऊन जमिनी पांढऱ्या पडू लागल्या आहेत. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या खारच आला, ते लोक कशी शेती करतात, हे डोळ्यांनी पाहावे असा बेत होता.

पहिला दिवस पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात गेला. तिथे निघालेल्या पनवेल-१, २, ३ या खार सोसणाऱ्या भातजाती पाहिल्या. संध्याकाळी पेण, वडखळ, पोयनाड करीत एस. टी. ने अलिबाग गाठले. वाटेत चरी गाव लागते. १९३३ ते १९३९ एवढी वर्षे इथल्या कुळांनी जमीन न कसण्याचा संप केला होता, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली. सांगितल्यावर आमची मंडळी गाडीच्या खिडकीतून बघतच राहिली. सहा वर्षे रान पडीक ठेवायचे म्हणजे पोटाला काय चिमटा बसला असेल, हे शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

खाडीकडून बांध पाहिला

खारेपाटातली शेती म्हणजे बांधावरची शेती. बांधाच्या एका अंगाला भात आणि दुसऱ्या अंगाला खाडीचे खारे पाणी. बांधाला जागोजाग उघाड्या असतात. उघाडीची झडप अशी बसवलेली असते की ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर जाते आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते. खेकड्याच्या एका बिळातून पाझर लागतो, पाझराची खांड होते, आणि एकदा खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते. मग दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत धड पीक नाही.

आम्हांला शेत दाखवणारे यजमान म्हणाले, “साहेब, बांध आतून सगळेच बघतात. एकदा खाडीकडून बघा, म्हणजे कळेल आम्ही कशापुढे उभे आहोत ते.” त्यांचे थोरले बंधू मुंबईच्या एका बंगलेवाल्याची बोट सांभाळतात. मालकाला विचारून त्यांनी ती रेवस बंदरावर आणली. बोटीत सहाच जण मावणार होते. बाकीची मंडळी पांढरा कांदा बघायला गेली. अलिबागच्या या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. डिसेंबरात त्याची लागण चालू असते.

सहा जणांत मी होतो आणि नाना होते. नानांविषयी थोडे सांगितले पाहिजे. वय पासष्टीकडे झुकलेले, ऊस आणि कांद्याचे जाणते शेतकरी. उजवा हात कोपराच्या वर काही नाही. सदऱ्याची बाही दुमडून पिन लावलेली असते. ते का, हे पुढे येईल.

बोटीचे तांडेल, म्हणजे यजमानांचे थोरले बंधू, मोजके बोलणारे. चढताच प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट अडकवले, पट्टे स्वतः ओढून पाहिले. मग मला म्हणाले, “पाऊणकी येते का?”

लहानपणी छडी खाऊन पाठ केलेली पाऊणकी! मी म्हटले, “थोडीफार.”

“आज तिथी कोणती?”

“चतुर्दशी.”

“मग चौदाची पाऊणकी करा.”

“साडेदहा.”

“साडेदहाला भरती पूर्ण. तिच्यापुढे सव्वासहा तास धरा, पावणेपाचला ओहोटी. इकडे घड्याळ भिंतीवर नसते, पंचांगात असते. आणि पुनवेची वेळ, म्हणजे उधाण. पाणी चढेल तेवढेच उतरेल. गावातून दीडला निघायचे. त्याच्या पुढे थांबायचे नाही.”

भरतीच्या पाण्यावर आम्ही धरमतरच्या खाडीत शिरलो. दोन्ही तीरांना तिवरांची हिरवी भिंत, तिच्यामागे मातीचा बांध, आणि बांधामागे पाण्याच्या पातळीपेक्षाही खाली असलेली शेते. आत उभे राहून जो बांध पुरुषभर उंच वाटला होता, तो खाडीतून हातभर दिसत होता. नाना नुसते एवढेच म्हणाले, “आणि आपण पाटाचं पाणी दोन दिवस लांबलं तर मोर्चा काढतो.”

आत इंजिन, बाहेर पाय

मी यंत्रांचा शौकीन. बोटीचे मागचे अंग निरखीत होतो. आपल्याकडे धरणाच्या पाण्यात ज्या होड्या दिसतात त्यांचे इंजिन एक तर होडीच्या पोटात असते आणि दांडा तिरका खाली जातो, नाही तर सगळे इंजिनच मागच्या फळीवर टांगलेले असते. ही बोट दोन्हींच्या मधली. इंजिन आत, मागच्या फळीला लागून. फळीतून दांडा बाहेर येतो आणि बाहेर एक जाड पाय पाण्यात सोडलेला असतो. त्या पायाच्या टोकाला पंखा. निराळे सुकाणू नाही, पायच डावा-उजवा वळतो. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात, खलाशी नुसते ‘लेग’ म्हणतात. स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोटींच्या प्रदर्शनात अशी रचना मांडली. तिची कल्पना जिम विन या अमेरिकन इंजिनिअरची होती. तिथून ती जगभर गेली.

या पायाची खुबी अशी की बटण दाबले की तेलाच्या दाबाने तो मागे वर उचलता येतो, ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक अवजार उचलतो तसा. पाणी उथळ असले की पाय उचलायचा, म्हणजे पंखा तळाला लागत नाही.

आता आतले इंजिन जागचे हलत नाही आणि बाहेरचा पाय तर वर-खाली, डावा-उजवा होतो. मग मधला दांडा वाकणार कसा? त्यात दोन क्रॉस असतात. होय, आपल्या ट्रॅक्टरच्या पी. टी. ओ. शाफ्टला असतात तसलेच क्रॉस जॉइंट. त्यांच्यावर रबराचा घडीदार भाता चढवलेला असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. मी नानांना म्हटले, “नाना, हे तर आपलंच रोटाव्हेटरचं कुळ निघालं.” नाना हसले नाहीत. त्यांनी फक्त त्या भात्याकडे पाहिले.

माझ्यामुळे झालेला उशीर

उपखाडीच्या एका फाट्यातून आत जाऊन आम्ही गावाशी उतरलो. भात, जिताड्याचे तळे, उघाडी सगळे पाहिले. जेवणात जिताड्याचे कालवण आणि तांदळाची भाकरी. जेवल्यावर गावकरी जमले, आणि सरकारी माणसासमोर चार माणसे बसली की काय होते ते वाचकांना ठाऊकच आहे. मी सेंद्रिय खतावर बोलू लागलो. तांडेल दोनदा दाराशी येऊन उभे राहिले. मी हाताने ‘आलोच’ म्हटले. निघायला साडेतीन झाले.

फाट्यातले पाणी निम्म्याने उतरले होते. फाटा मोठ्या खाडीला मिळतो तिथे तोंडाशी गाळाचा उंचवटा आहे. तांडेल बांबू घेऊन पुढच्या टोकाला उभे राहिले, खोली मोजू लागले. चाकावर त्यांचा पुतण्या बसला, विशीतला पोरगा. तांडेलांनी पाय थोडा उचलायला सांगितले आणि म्हणाले, “सावकाश. नुसता चालू ठेव.” तेवढ्यापुरते ठीक चालले होते.

उंचवट्यावर बोट अडखळली. पोराला वाटले, आता थोडक्यासाठी अडकतो की काय. त्याने पाय आणखी वर घेतला आणि हँडल पुढे ढकलले. पंखा अर्धा पाण्याबाहेर आला, चिखल उडाला, इंजिनाचा आवाज एकदम चढला. बोट तसूभरही हलेना. आमच्यातला एक तरुण शेतकरी पायजमा वर खोचून म्हणाला, “मी मागून उतरतो, दोन धक्के मारले की निघेल.” त्याने एक पाय मागच्या फळीवर टाकलासुद्धा.

त्याच वेळी मागून आवाज आला. टक्‌ टक्‌ टक्‌ टक्‌. लोखंडावर लोखंड आपटावे तसा.

नाना ताडकन उठले. डाव्या हाताने त्या पोराची कॉलर मागे खेचली आणि असे ओरडले की मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. “बंद कर! बंद कर आधी!”

पुतण्याने घाबरून किल्ली फिरवली. इंजिन थांबले. एकदम शांतता झाली. तांडेल मागे आले. त्यांनी उष्णतेच्या काट्याकडे पाहिले. तो लाल खुणेपाशी गेला होता. किल्ली काढून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली. मग नानांना हात जोडले. “तुम्हांला कसं कळलं?”

नाना म्हणाले, “हा आवाज मी ओळखतो. शेवटला हाच ऐकला होता, दोन हात होते तेव्हा.”

चिखलात बसून

सव्वाचार वाजले होते. तांडेलांनी हिशेब सांगितला. पावणेपाचला ओहोटी पूर्ण. त्याच्या आधी अर्ध्या तासाला जेवढे पाणी होते, तेवढे त्याच्यानंतर अर्ध्या तासाला पुन्हा येणार. म्हणजे सव्वापाचला आज अडकलो तेवढे पाणी, आणि वर चढायला आणखी अर्धा तास. “पावणेसहापर्यंत गप्प बसायचे. खाडीशी घाई करून कोणी जिंकलेला नाही.” अलिबागहून आमची रात्रीची परतीची गाडी होती. ती चुकली तर सगळ्यांचा मुक्काम वाढणार, दावणीची गुरे दुसऱ्याच्या भरवशावर. कोणी काही बोलले नाही. उशीर कोणामुळे झाला ते सर्वांना ठाऊक होते.

तांडेल पुतण्याला रागावले नाहीत. त्याला शेजारी बसवून त्यांनी जे सांगितले, ते मी वहीत उतरून घेतले.

“पायाच्या उचलण्याचे तीन टप्पे आहेत. पहिला थोडासा टप्पा वेगात धावण्याचा. तिथे पायाला दोन्ही बाजूंनी आधार असतो. त्याच्या वरचा टप्पा उथळ पाण्याचा. तिथे बाजूचा आधार सुटतो, दांडा जास्त वाकतो. तिथे इंजिन फक्त मंद, चाक सरळ, आणि तेही खोल पाण्यात जाईपर्यंतच. पाय उचललेला असताना चाक पुरते वळवले तर क्रॉस दोन्हींकडून वाकतो. मग तो आवाज येतो. जोर दिला तर क्रॉस तुटतो, नाही तर भाता फाटतो. भाता फाटला तर पाणी थेट बोटीत. तिसरा टप्पा पुरता वर, गाडीवर चढवण्यासाठी. तिथे इंजिन बंदच पाहिजे.”

“आणि काटा का चढला?” मी विचारले.

त्यांनी पायाच्या कडेची भोके दाखवली. इंजिन थंड करायचे पाणी त्या भोकांतून वर ओढले जाते. पाय वर गेला की भोके पाण्याबाहेर येतात, नाही तर चिखल ओढतात. आतल्या पंपात रबराचा पंखा असतो, त्याला पाणी हेच वंगण. कोरडा फिरला की थोड्या वेळात त्याची पाती जळतात. पाणी नाही म्हणून इंजिन तापते, आणि धूर बाहेर नेणारे रबरी नळही भाजतात.

हे ऐकून आमची मंडळी मान डोलवू लागली. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी फुटव्हॉल्व्हच्या खाली गेले की पंप हवा ओढतो. जुन्या पाण्यावर थंड होणाऱ्या डिझेल इंजिनांना त्याच पंपाचे पाणी जायचे. पंप कोरडा पडला की इंजिन तापलेच. यंत्र खाडीचे असो की विहिरीचे, नियम एकच.

मग नाना बोलू लागले. त्यांची हकिगत मला ठाऊक होती, पण त्यांच्या तोंडून चार माणसांत मी ती प्रथमच ऐकत होतो.

“रोटाव्हेटर चालू होता. बांधाशी वळायला उचलला, पण पी. टी. ओ. बंद केला नाही. कोण दर वळणाला बंद करतो? उचलल्यावर टक्‌टक्‌ वाजायला लागलं. मला वाटलं, पिन निघाली. ट्रॅक्टर तसाच चालू ठेवून खाली उतरलो, वाकून बघायला. खांद्यावर उपरणं होतं. एवढंच आठवतं.”

पी. टी. ओ. चा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर साधारण वीतभर धरला तर एका सेकंदात नऊ विती कापड गुंडाळले जाते. माणसाला ‘अरे’ म्हणायलाही तेवढा वेळ लागतो. अवजार उचलले की दोन्ही क्रॉसचे कोन सारखे राहत नाहीत. शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा धीमा आणि दोनदा जलद होतो. तोच तो आवाज. यंत्र ओरडून सांगत असते की मला थांबव, आणि आपण उतरून त्याच्या तोंडाशी जातो.

आता माझे सांगतो. नानांच्या रानात त्याच्या आधीच्या हंगामात रोटाव्हेटरचे प्रात्यक्षिक मीच घेतले होते. ढेकळे किती बारीक होतात, पाळ्या किती वाचतात, डिझेल किती लागते, सगळे सांगितले. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे कव्हर ग्रीस घालायला अडचण नको म्हणून काढून ठेवलेले मी पाहिले होते. पाहिले आणि बोललो नाही. प्रात्यक्षिकाचा अहवाल वेळेवर गेला. हे मी कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी चिखलात बसून सांगितले.

नाना बराच वेळ खाडीकडे बघत होते. मग म्हणाले, “साहेब, तुम्ही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही. पण सांगायचं होतं.”

तांडेल म्हणाले, “आमचा भाता फाटला तर बोट बुडते. म्हणून तो कोणी काढून ठेवत नाही, दर वर्षी तपासतो. तुमचं कव्हर काढलं तर ट्रॅक्टर बुडत नाही. म्हणून काढता.” याच्यावर कोणाजवळ उत्तर नव्हते.

भरती

सूर्य तिवरांमागे उतरला, आणि समोरून चतुर्दशीचा चांद वर आला. चिखलावर बगळे चालत होते. सव्वापाचनंतर फाट्याच्या तोंडातून पाण्याची बारीक जीभ आत येऊ लागली. पावणेसहाला बोट आपोआप डुलली. तांडेलांनी बांबूने तिला खोल पाण्याकडे रेटले, पाय पाण्यात पुरता खाली सोडला, मागे कोणी नाही हे पाहिले, आणि मगच किल्ली पुतण्याच्या हाती दिली. इंजिन मंद चालवून काटा बघितला. तो जागेवर होता. पंपात पाणी चढले होते. पुतण्याने सगळी वाट वेग वाढवला नाही. रेवसला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो.

या गोष्टीला आता काही महिने झाले. परत आल्यावर मी माझ्या सर्कलमध्ये एक नेम केला. रोटाव्हेटर असो, मळणीयंत्र असो, प्रात्यक्षिकाच्या आधी कव्हर बघायचे. कव्हर नसेल तर ते बसवल्याशिवाय प्रात्यक्षिक नाही. पहिल्या दोन गावांत मंडळी नाराज झाली. तिसऱ्या गावात नाना माझ्याबरोबर आले. त्यांना भाषण करावे लागले नाही. ट्रॅक्टरशेजारी ते नुसते उभे राहिले.

ज्यांच्या घरी असे अवजार आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

वळताना अवजार उंच उचलायचे असेल तर आधी पी. टी. ओ. सोडवावा. शाफ्ट जास्त वाकलेला असताना फिरवू नये. टक्‌टक्‌ वाजले की तोडायचे ते इंजिन, पुढे जायचे नाही.

काही बघायला उतरायचे तर किल्ली काढून खिशात घालावी. खिशातली किल्ली दुसरा कोणी फिरवू शकत नाही.

शाफ्टचे कव्हर आणि त्याची साखळी जागेवर असावी. ग्रीस घालायला काढले तर लगेच बसवावे.

उपरणे, मफलर, साडीचा पदर, सैल बाही फिरत्या शाफ्टजवळ नको. पोरांना ट्रॅक्टरमागे उभे करू नये.

धरणात किंवा खाडीत इंजिनाच्या होडीत बसाल तेव्हा जाकीट घाला, आणि होडी अडकली तरी इंजिन चालू असताना मागच्या बाजूने पाण्यात उतरू नका. तांडेल ‘निघू या’ म्हणाला की व्याख्यान आवरते घ्या.

उचललेले यंत्र म्हणजे थांबलेले यंत्र नव्हे. एवढे शिकायला मला भीमाकाठापासून धरमतरपर्यंत जावे लागले. तुम्हांला जावे लागू नये म्हणून हे लिहिले. तरीही जमल्यास खारेपाट एकदा जरूर बघा, आणि बांध खाडीकडून बघा.